रंगोबाच्या शाली आणि पिकअपचे सांधे

एका जंगलात एक पिकअप होती. हसू नका, बाळांनो. जंगलात सिंह भाषण करतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग पिकअपनेच काय घोडं मारलंय?

पिकअप सिंहमहाराजांच्या आजोबांची. गोल बॉनेट, बेडकासारखे दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. तिच्यात बसून अख्खं जंगल दर आठवड्याला डोंगरापलीकडच्या बाजाराला जायचं. वाटेत चिंचेचं वळण लागायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीच्या तोंडाशी, रस्त्याच्या जरा खाली, एक म्हातारी चिंच.

पिकअपमध्ये दोष म्हणाल तर एकच. तिच्या स्टिअरिंगचे सांधे झिजले होते. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं आधी विचार करायची, मग जमलं तर वळायची. पहिला अर्धा फेरा असाच हवेत जायचा. शिवाय गाडी आपली सारखी डावीकडे ओढायची. म्हणून ससे डावीकडे बसवत आणि गवा उजवीकडे. गव्याला तिकीट नव्हतं. त्याला प्रवासी धरतच नसत, वजन धरत.

ही गाडी चालवायचा रंगोबा अस्वल. वळण दिसायच्या आधीच तो दोन्ही पंजांनी ताक घुसळल्यासारखं स्टिअरिंग घुसळायला लागायचा. मागचे किंचाळायचे. ससे डोळे मिटून घ्यायचे. पुढचं एक चाक दरीवर अधांतरी लटकायचं आणि कसंबसं परत रस्त्यावर यायचं.

"रंगोबा होता म्हणून वाचलो!" सगळे म्हणायचे.

मग घरी आल्यावर सत्कार. शाल, नारळ आणि महाराजांचं भाषण. रंगोबाकडे इतक्या शाली झाल्या, की अस्वलाला मुळात शाल लागत नाही हे जंगल विसरूनच गेलं.

"ही गाडी परक्या हाताला ऐकत नाही," रंगोबा मिशीत हसून सांगायचा. ते खरंच होतं. ती त्याच्याही हाताला ऐकत नव्हती. पण बिचाऱ्याचा जंगलात जो काही मान होता, तो सगळा त्या हवेत जाणाऱ्या अर्ध्या फेऱ्यात होता. एवढं लक्षात ठेवा, बाळांनो. पुढे लागेल.

तर एकदा साळूबाई साळिंदर शहरातून परत आली. तिकडे ती म्हणे गॅरेजात होती. बाई तोंडाने फटकळ, आणि स्वतःची स्तुती करायला तिला दुसरं कुणी लागत नसे. ती पिकअपमधून बाजाराला जाऊन आली. सत्काराच्या टाळ्या चालू होत्या, तेवढ्यात ती सरळ गाडीखाली शिरली.

"रंगोबा, स्टिअरिंग हलव जरा!"

"हलवतोय."

"अरे, हलव की!"

"बाई, मघापासून हलवतोय!"

"मग इथं खाली काहीच का हलेना? टाय रॉडची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याची, दोन्ही टोकं गेलीत. बॉल जॉइंट तर नावालाच उरलेत. माझ्या आजीचे दात याहून घट्ट होते, शेवटच्या दिवसांतसुद्धा. तू वर घुसळतोयस आणि खाली चाकाला पत्ताच नाही!"

रंगोबाचं तोंड उतरलं. "आजवर कुणी मेलंय का?"

"नाही मेलं."

"मग?"

याला साळूबाईकडे उत्तर नव्हतं. अशा प्रश्नाला कुणाकडेच नसतं, म्हणून तर तो विचारतात.

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधान होते खवले मांजर. अवघड प्रश्न आला की ते अंगाची गुंडाळी करून बसत. त्यांनी गुंडाळी केली. पण नेमक्या त्या दिवशी महाराणीही हौद्यात होत्या, आणि त्यांची शेपटी अजून थरथरत होती.

"बदला म्हणजे बदला," महाराणी म्हणाल्या.

"मीही तेच म्हणणार होतो," महाराज म्हणाले.

साळूबाईने जुने सांधे रॉडसकट काढून भंगारात फेकले. नवे बसवले, ग्रीस भरलं, दोरी धरून पुढची चाकं एका रेषेत आणली. "असं काम या जंगलात झालं नाही आणि होणार नाही," असं तिने स्वतःच जाहीर केलं.

पुढचा बाजार आला. रंगोबाने सवयीने लांबूनच स्टिअरिंग घुसळलं. पण आता गाडी लगेच वळली! वळण अजून आलंच नव्हतं. आलं होतं ते रानम्हशींचं डबकं.

"उद्धट स्टिअरिंग आहे!" रंगोबा डोळ्यांतला चिखल पुसत ओरडला. "सांगितलेलं लगेच करतंय! माणसाच्या मनात काय आहे, ते नको का बघायला?"

गाडी बाहेर काढली. साळूबाईने चंद्री हरिणीला पुढे बसवलं. चंद्रीने जन्मात गाडी चालवली नव्हती.

"जिकडे जायचं तिकडे फिरव. बास," साळूबाई म्हणाली.

चंद्री शेंगा खात निघाली. चिंचेचं वळण कधी आलं आणि कधी गेलं, कळलंच नाही. ससे झोपले होते.

"आता मी कुठेही बसू का?" गव्याने विचारलं. वजनाशी कोण बोलतं?

संध्याकाळी महाराज शाल घेऊन उभेच होते. "बोला, आज कशातून वाचलात?"

"कशातूनच नाही, महाराज," चंद्री म्हणाली.

"मग सत्कार कशाचा करू?"

शाल घडीची घडी परत गेली. पुढच्या बाजारालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. "चंद्रीने केलं काय? गाडी गेली आणि गाडी आली," लोक म्हणायचे. न केलेल्या भाषणांनी महाराजांचा घसा बसला. प्रवासी कंटाळले.

"पूर्वी बाजाराला जाऊन आलं की पुनर्जन्म झाल्यासारखं वाटायचं," म्हातारं तरस म्हणालं. "आता नुसतं बाजाराला जाऊन आल्यासारखं वाटतं."

आणि रंगोबा? तो भर उन्हाळ्यात सगळ्या शाली पांघरून गुहेच्या कोपऱ्यात बसला.

"अहो, काढा त्या. उकडून जीव जाईल," त्याची बायको पारू म्हणाली.

"काल पाणवठ्यावर एका सशाने मला विचारलं, काका, तुम्ही काय करता?" रंगोबा म्हणाला. "ससा, पारू! मी त्याला किती वेळा वाचवलंय!"

पारूचे डोळे पाणावले. तिने त्याच्या अंगावरच्या शालींवर आणखी एक शाल घातली.

दुसऱ्या दिवशी रंगोबा दरबारात गेला. तो एकच वाक्य बोलला. "महाराज, ते सांधे आपल्या आजोबांच्या काळचे होते."

महाराजांना हुंदका आला. आजोबांचे सांधे, आणि भंगारात!

प्रधान गुंडाळीतून बाहेर आले, "परंपरा!" एवढं म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

"महाराज, गाडी दरीत जाईल!" साळूबाई ओरडली. तीनदा ओरडली.

"रंगोबा आहे ना," महाराज म्हणाले.

जुने सांधे भंगारातून काढून, त्यांना गुलाल लावून वाजतगाजत आणले. साळूबाईने हात लावायला नकार दिला, तेव्हा रंगोबाने ते स्वतःच कसेबसे बसवले. नवे रॉड त्याने घरी नेले. पारूने ते दोन झाडांमध्ये आडवे बांधले आणि त्यांवर शाली वाळत घातल्या. चांगले मजबूत होते. जराही हलत नसत.

बाजाराच्या दिवशी हौद्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गवा पुन्हा उजवीकडे. ससे आधीपासूनच डोळे मिटून तयार. महाराणींना नेमका ताप आला होता. साळूबाई चालत निघाली.

चिंचेचं वळण जवळ आलं. रंगोबाने घुसळायला सुरुवात केली. अर्धा फेरा गेला. एक गेला. दोन गेले. रंगोबाने जीव तोडून घुसळलं, पण आता फेरा अर्धा नाही, सगळाच्या सगळा हवेत होता. खाली काहीतरी खळकन तुटून रस्त्यावर पडलं आणि गाडी तशीच पुढे, जिथे रस्ता नव्हता तिथे गेली.

ती चिंचेत अडकली. बॉनेट एका फांदीवर, हौदा दुसरीवर, ससे शेंड्यावर. गवा शिंगांनी लोंबकळत होता.

मग शेंड्यावरून बारीक आवाज आला.

"रंगोबा होता म्हणून चिंचेत पडलो! दुसरा कुणी असता तर गेलो असतो दरीत!"

साऱ्या फांद्यांवरून टाळ्या पडल्या. ज्यांचे हात फांदी धरण्यात गुंतले होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या. बातमी कळताच महाराज धावत आले. बसलेला घसा मोकळा करून त्यांनी काठावरून मोठं भाषण केलं आणि शालीत नारळ बांधून ती खाली फेकली. रंगोबाने ती झेलली. लटकल्या लटकल्या खांद्यावर घेतली आणि ढसाढसा रडला.

पुढे रीतसर चौकशी झाली. दोघी दोषी ठरल्या. चंद्री, कारण तिने गाडीला सरळ चालायची वाईट सवय लावली. आणि साळूबाई, कारण ती चालत गेली. म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं! आणि ठाऊक असून बाई फक्त तीनदा ओरडली!

पिकअप अजून चिंचेतच आहे. बाजाराच्या दिवशी सगळे तिच्याखाली जमतात आणि रंगोबाचा सत्कार करतात. चिंचेला मात्र आजवर कुणी शाल घातलेली नाही. तिने केलं काय? जागच्या जागी उभी तर होती.

तात्पर्य: झिजलेला सांधा कधी बदलू नये. तो झिजू द्यावा आणि आपले खांदे शालीच्या मापाचे करून ठेवावेत. वळणाखाली एखादी चिंच असली की झालं. नसली तरी काळजी नको, बाळांनो. मग तात्पर्य विचारायला कुणी उरत नाही.