स्विच सरदारास वेढा पडिला आणि भीवराबाईसाहेबांची फत्ते जाहली, ती हकीकत

कुलस्वामिनी जागती आहे, तिला साक्ष ठेवोन लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध दशमी, ते दिवशी मागांच्या राज्यात मोठे रण माजले. तलवार उपसली नाही, घोडा खिंकाळला नाही, परंतु गादी जावयाची वेळ आली आणि बाईसाहेबांनी ती राखिली.

राज्य म्हणावे तर जरीचे शालू विणावयाचे. गादीच्या धनी भीवराबाईसाहेब. त्यांचे दीर बाळोजीराव, मिशी मोठी, मसलत त्याहून मोठी, आणि काम दोहोंहून लहान. सून मंजुळाबाई, तिजकडे जाळ्याचा कारभार. जाळे म्हणजे काय, तर दालनादालनातील कॉम्प्युटर तारांनी एकमेकांस जोडिले, जेणेकरून नक्षीघरातला नमुना मागावर क्षणात पोहोचावा. पूर्वी या जाळ्यावर हब नावाची पेटी नांदत होती. तिला तारा खोवावयाची तोंडे पुष्कळ, आणि ती निव्वळ दवंडीवाली. एका तोंडी निरोप आला की बाकीच्या सर्व तोंडांनी ओरडावा, ज्याचा त्याने घ्यावा, इतरांनी टाकावा, आणि चोरोन ऐकणाऱ्याने खुशाल ऐकावा. दोघे एकदम बोलिले की निरोपांची टक्कर होवोन दोन्ही फुकट जात आणि मग पुन्हा बोलावे लागे. बाईसाहेब कंटाळल्या आणि म्हणाल्या, "ही पेटी आहे की नळावरचे भांडण?" मग मंजुळाबाईने हबास उतरविले आणि स्विच सरदारास बसविले. त्याची रीत निराळी. प्रत्येक यंत्रास जन्मतःच क्रमांक असतो, तो कोणत्या तोंडाने बोलला हे सरदार ध्यानी धरी आणि पुढे त्याचा निरोप त्याच्याच दारी नेवोन देई. ठावठिकाणा ठाऊक नसला अथवा निरोपच सर्वांसाठी असला, तरच तो सर्वांस हाक घाली. आणि वेशीवर राउटर किल्लेदार. घरातल्या घरात निरोप फिरविणे हे त्याचे कामच नव्हे. आपले राज्य आणि बाहेरचे मुलूख यांतील वाट तो जाणे, आंतला निरोप बाहेर धाडी आणि उत्तर आले की ज्याचे त्यास आंत पावते करी.

ऐसे सुरळीत चालले असता समुद्रापलीकडील एका थोर व्यापारिणीने कळविले की, आज दोन प्रहरी मागावरचा शालू कॅमेऱ्यातून पाहीन, मनास आला तर वर्षभराचे काम तुम्हांस, न दिसला तर दुसऱ्या राज्यास. हे ऐकोन बाळोजीराव भर दरबारी बोलिले, "वहिनीसाहेब, सुनेच्या खेळण्यावर राज्य टांगिले आहे. आज शालू दिसला नाही, तर जाळे उपटीन, हबास परत आणीन आणि कारभार मी पाहीन." बाईसाहेब म्हणाल्या, "पाहा की! आजवर नुसते पाहातच आला आहांत." परंतु भर दरबारी अट कबूल केली, शब्द दिला तो दिला.

आणि दोन प्रहर होण्यास थोडा अवकाश असता सारे जाळे ठप्प जाहले. नमुना उघडेना, कॅमेऱ्यातले चित्र थिजले, आणि स्विचावरचे सर्व दिवे एकदम ऐसे लवलवो लागले की जणू अंगात आले. बाईसाहेब पदर सावरोन ताठ उभ्या राहिल्या, कां की दीर मिशीवर हात फिरवीत होते. "वेशीवरचा राउटर फितूर जाहला! हब बिचारा ओरडे, पण ऐसा दगा देत नसे," ते म्हणाले.

"मंजुळे, खरे काय ते सांग. रडावयाचे असेल तर मागाहून रड."

"रडत नाही, सासूबाई. फितुरी बाहेर की घरात, ते आधी पाहू." ऐसे बोलोन तिने राउटराकडील तार स्विचातून उपटली. दिवे तैसेच नाचत राहिले. "पाहिलेत? वेस तोडिली तरी दंगा चालूच. म्हणजे राउटर निर्दोष, भानगड आपल्याच घरात."

"मग एकेकाचे तोंड बंद करीत जा," बाईसाहेबांनी हुकूम केला, "जो गप्प होताच बाकीचे गप्प होतील, तोच चोर."

मग मंजुळाबाई एकेक तार काढीत चालली, नक्षीघराची काढिली, काही नाही, हिशेबघराची काढिली, काही नाही, आणि मग एक पिवळी तार ओढिली तो सारे दिवे एकदम शांत जाहले. बाईसाहेबांनी ती तार स्वहस्ते चाचपीत नेली, तो दुसरे टोकही त्याच स्विचाच्या पोटात! सर्वांसाठीची एक हाक या टोकाने निघे, त्या टोकाने परत येई, सरदार तिला नवी समजोन पुन्हा सर्वांस घाली, आणि ऐशा हाकांनी तो आपल्याच आरोळीत गुदमरला होता.

"हे कोणी केले?" बाईसाहेब गरजल्या.

बाळोजीराव छाती काढोन म्हणाले, "मी! टोक सकाळपासून लोंबत होते. विणकराच्या घरात सुटे टोक ठेवितात काय? दिसले भोक, दिले खोवून!"

दरबार ऐसा हसला की माग हालले. बाईसाहेब म्हणाल्या, "भाऊजी, जन्मात एक काम आपण होऊन केलेत, तेही नेमके आज? आणि ऐका, तुमचा हब असता तरी याच वेढ्यात ऐसाच बेशुद्ध पडिला असता." रावांची मिशी खाली आली.

मंजुळाबाईने बाकीच्या तारा परत लाविल्या, किल्लेदाराने वेस उघडिली, आणि चित्र आले ते ऐसे लख्ख की जरीची तार न् तार मोजावी. व्यापारिणीने पदराची उलटी बाजू दाखवा म्हणोन मागणी केली. "धरा, भाऊजी, उंच धरा," बाईसाहेब बोलिल्या, आणि राव दोन्ही हातांनी पदर धरोन कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. मागच्या अंगास एक टोक सुटे नव्हते, सुलट तैसीच उलट. पलीकडून ती हसली आणि काही बोलिली. मंजुळाबाईने ते उलगडोन सांगितले, "सासूबाई, वर्षभराचे काम आपले. आणि म्हणते, पदर धरणारे गृहस्थ फार मनापासोन धरितात, पुढच्या वेळीही तेच पाहिजेत."

"देऊ की," बाईसाहेब बोलिल्या, "रिकामेच आहेत. हात खाली करू नका हो भाऊजी, अजून पाहाते आहे ती."

येणेप्रमाणे हब ओरडतो, स्विच ओळखतो, राउटर वाट दाखवितो, आणि तिघांवर हुकूम बाईसाहेबांचा चालतो. जाळे राहिले, गादी राहिली, शत्रू घरचाच होता तो पदर धरोन उभा राहिला. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे घातले ते शोभेपुरते.