तानुबाईंच्या हातातला अँटेना

"हवेतून फुकट चॅनेल येत असताना छत्री पाहिजेच कशाला?" असं म्हणत ज्ञानदेवांनी गच्चीवरची डिश उतरवली, ती नेमकी तानुबाई टीव्हीवर दिसणार त्याच दिवशी. दापोडीच्या महिला मंडळाचं गाणं संध्याकाळी सरकारी चॅनेलवर लागणार होतं. स्वतःला बघायला म्हणून तानुबाई दुपारपासूनच जरीची साडी नेसून बसल्या होत्या.

"अवो, उद्या करा की हे उद्योग!"

"अख्खी हयात कंपनीच्या टूलरूममध्ये काढली मी. चॅनेल लावायला किती वेळ लागतोय?"

लागला. ऑटो सर्च शंभर टक्के झाला आणि पडद्यावर आलं, 'चॅनेल सापडले: शून्य'. मग ज्ञानदेव अँटेना घेऊन गच्चीवर गेले आणि निरोप पोचवायला सून आम्रपाली जिन्यात उभी राहिली.

"आलं का?"

"आलं, पप्पा! पण निवेदिकेचं नाक एकीकडं, तोंड दुसरीकडं!"

त्यांनी अँटेना पुण्याकडे वळवला, तेवढंही गेलं. पाण्याच्या टाकीला तारेनं बांधला, तरी नाही. मुलाच्या, प्रितमच्या हातात देऊन पाहिला, पडदा काळा. शेवटी तानुबाईच तरातरा वर आल्या.

"द्या इकडं! तुमच्या हाताला गुणच न्हाई."

त्यांनी अँटेना हातात घेतला मात्र, खालून आम्रपाली ओरडली, "आलं! एकदम क्लिअर! आई, हलू नका!"

त्यांच्या हातातून काढला की चित्र जायचं, दिला की यायचं. कार्यक्रम तर सुरू होत आला होता. तानुबाईंना रडूच फुटायचं बाकी होतं, पण त्यांनी पदर खोचला.

"जावा खाली. सगळ्यांनी बघा. मी धरते."

खाली खोली बायकांनी भरली होती. मंडळाच्या अध्यक्षा सरूबाई सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. गाण्याचं पहिलं कडवं तानुबाईंचं. उरलेली तीन सरूबाईंनी अध्यक्षपदाच्या जोरावर स्वतःकडे घेतली होती.

तानुबाई पडद्यावर आल्या, गायल्या, आणि ज्ञानदेवांचे डोळे भरून आले. जिन्याकडे धावत ते ओरडले, "अगं, काय दिसतीस! काय गायलीस!"

"झालं का माझं?"

"झालं! आता सरूबाईंचं लागलंय!"

सरूबाईंनी पडद्यावर आ वासला आणि त्यांचे चौकोन चौकोन झाले. मग तेही गेले.

"अगं, चित्र गेलं!"

"जाऊ द्या," वरून शांत आवाज आला. "हात भरून आला बाई माझा."