एक प्रत, कायम संग्रही

उभयलैंगिक आणि आंतरलिंगी व्यक्तींविषयी पुस्तकं आणि सिनेमे यांच्या माध्यमातून जनजागृती करावी, असा आदेश वरून आला तेव्हा ग्रंथालयात चहा चालू होता. ग्रंथपालसाहेबांनी कप खाली ठेवला, आदेश वाचला आणि जनतेला महिनाअखेरपर्यंत जागृत करायचं असल्याचं सर्वांना गांभीर्याने कळवलं.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो ऑपरेटरला. तळमजल्यावरच्या छोट्या सभागृहात सिनेमे लावण्याचं काम तो सहा वर्षं हंगामी म्हणून करत होता. कायम होण्याचा त्याचा अर्ज अडला होता, कारण अर्जावर पुरुष आणि स्त्री अशा दोनच चौकटी होत्या आणि डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं की, याचं शरीर जन्मतःच यांपैकी एकाही चौकटीत पुरतं बसत नाही, यालाच आंतरलिंगी म्हणतात, प्रकृती ठणठणीत. प्रकृतीबद्दल ऑफिसची हरकत नव्हती. चौकटीबद्दल होती.

"आता साहेबांना कळेल," तो सूचीवाल्या ताईंना म्हणाला. पुस्तकांची सूची करणं हे ताईंचं काम.

"कळेल रे बाबा. आधी पुस्तकं तर कपाटात जाऊ देत."

ती जाईनात. नियमाप्रमाणे एका पुस्तकाला एकच कपाट, आणि पहिल्याच कादंबरीतली नायिका उभयलैंगिक, म्हणजे तिचं आधी एका पुरुषावर प्रेम होतं, नंतर एका बाईवर.

"शेवटी कोणाबरोबर राहते?" साहेबांनी विचारलं.

"बाईबरोबर."

"मग शेवटच्या पानावरून कपाट ठरवा."

"आणि आधीची दोनशे पानं?"

"ती तिची चूक समजा."

ताईंनी चष्मा काढला. "साहेब, कॉलेज सुटल्यावर चार वर्षं मी मैत्रिणीबरोबर होते. मग आमचे हे भेटले. चूक दोन्हीकडे नव्हती. मला कुठल्या कपाटात लावाल?"

"तुम्ही स्टाफ आहात, ताई. स्टाफला कपाट नसतं, लॉकर असतो."

अखेर सगळी पुस्तकं एका काचेच्या कपाटात कुलपाआड गेली. हवं असेल त्याने 'मी केवळ जागृत होण्यासाठी वाचत असून यातलं काहीही मला व्यक्तिशः लागू नाही' असं लिहून द्यायचं. कोणी नेलं नाही. मग उरला सिनेमा. गोंधळ नको म्हणून साहेबांनी सभागृहात पुरुष डावीकडे आणि महिला उजवीकडे बसवल्या.

"आणि सिनेमातली माणसं आली असती, तर ती कुठे बसली असती?" ऑपरेटरने विचारलं.

"ती पडद्यावर आहेत ना? झालं तर मग."

सिनेमात एका माणसाचा अर्ज केवळ एका चौकटीपायी खिडकीतून परत भिरकावला जातो, त्या प्रसंगाला सारं सभागृह हुंदके देऊन रडलं. साहेबांचे दोन रुमाल भिजले. दुसरा ताईंचा होता.

सकाळी ऑपरेटर केबिनच्या दारात उभा. "साहेब, कालचा तो खिडकीचा प्रसंग..."

"आठवण नको काढूस रे! घशाखाली घास उतरला नाही."

"माझाही अर्ज तसाच अडलाय. तुमच्याच टेबलावर."

साहेब दुखावल्यासारखे बघत राहिले. "पण तू तर आपला घरचा माणूस! तुझ्याकडे बघून मला कधी रडू आलं नाही."

मात्र साहेब आता जागृत झाले होते, आणि जागृत अधिकाऱ्याला आवरणं कठीण. तीन दिवस नियम चाळल्यावर त्यांना मार्ग सापडला. कर्मचाऱ्यांच्या अर्जात दोनच चौकटी होत्या, पण पुस्तकांच्या नोंदवहीत 'इतर साहित्य' असा प्रशस्त रकाना होता. साहेबांनी स्वहस्ते नोंद केली: ऑपरेटर, जागृतीपर साहित्य, प्रत एक, स्थिती उत्तम, कायम संग्रही. पुरावा म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला.

"झालास की नाही कायम?"

"साहेब, वहीत माझी नोंद पृथ्वीच्या गोलाच्या खालच्या ओळीत आहे."

"गोल आधी आला. त्यात अपमान काय?"

त्याच्या खिशावर क्रमांक चिकटवून त्याला काचेच्या कपाटाशेजारी खुर्ची दिली. संग्रहातल्या साहित्याने यंत्राला हात लावायचा नसतो, म्हणून सिनेमे बंद पडले.

"आता सिनेमे कोण लावणार?" ताईंनी विचारलं.

"एखादा हंगामी माणूस बघा."

त्या दिवशी ताईंनी नियमांचं तेच पुस्तक घरी नेलं आणि पान एकशे चाळीसवर त्यांना हवं ते मिळालं. नोंद चुकीची आहे असं एका जरी वाचकाने लिहून सही केली, तर नोंद रद्द होते आणि मूळ अर्जावर महिन्याभरात निर्णय द्यावाच लागतो. स्टाफची सही चालत नाही. वाचकच लागतो. ताईंनी खुर्चीशेजारी एक कागद आणि पेन ठेवलं.

वाचकांची रीघ लागली.

"जन्मतःच का हो?" एका काकांनी विचारलं.

"जन्मतःच."

"कमाल आहे! डोळे उघडले आमचे."

"मग इथे दोन ओळी लिहिता, काका?"

"छे छे, आम्ही साधे वाचक. मनातून पाठिंबा आहेच!"

एक बाई तासभर बसून रडल्या. "किती सोसलंत हो तुम्ही!"

"तसं फार नाही हो. सध्या इथे बसून सोसतोय तेवढंच. एक सही केलीत, तर—"

"ह्यांना विचारून सांगते," बाई म्हणाल्या आणि पर्स आवरून उठल्या.

महिनाअखेर वर अहवाल गेला: जागृत झालेले वाचक चारशे बारा. कागद कोरा. ताई रोज सकाळी पेन चालतं का ते बघतात. चालतं. जाताना प्रत्येक वाचक अगदी मनापासून म्हणतो, "छान होतं, असं आणखी यायला हवं."

तुम्हीही आत्ता तेच म्हणणार होतात. म्हणा की. पेन तुमच्या उजव्या हाताला आहे.