‘हो’ दाबण्याबाबतचा ठराव

कोणतीही संस्था माणसांमुळे उभी राहते आणि ठरावांमुळे टिकते. माणसांचं काय, येतात, चहा पितात, जातात; ठराव मात्र फायलीत राहतो. हे सत्य ज्या मोजक्या संस्थांच्या पूर्ण पचनी पडलं आहे, त्यांत ग्रंथपालबाईंच्या वाचनालयाचा नंबर बराच वर लागावा.

वाचनालयाचं एक संकेतस्थळ होतं. ते एका होस्टिंग कंपनीच्या यंत्रावर भाड्याने ठेवलेलं होतं. म्हणजे खोली कंपनीची, सामान आपलं. भाडं पंधरा वर्षांचं एकदम भरून टाकलेलं, त्यामुळे त्या बाजूने कटकट नव्हती. खोलीची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो दर तीन महिन्यांनी बदलावा, अशी कंपनीची शिफारस होती, आणि शिफारस म्हटली की कार्यकारी समिती ती डोक्यावर घेत असे.

पद्धत अशी. नवा पासवर्ड सभेपुढे मांडायचा. त्याला एक सूचक, एक अनुमोदक. मंजूर झाला की इतिवृत्तात लिहायचा आणि हरकती मागवण्यासाठी सात दिवस सूचनाफलकावर लावायचा. (शिक्का व तारखेसह.) एवढा चव्हाट्यावर टांगलेला पासवर्ड दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. तरी नऊ वर्षांत एकदाही चोरी झाली नाही, कारण फलक कोणी वाचतच नाही. हरकत आली ती एकदाच. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहून कळवलं की पासवर्डातल्या संस्थापकांच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावणं ही त्यांची थट्टा आहे. समितीने दिलगिरी व्यक्त करून उद्गारचिन्ह काढलं आणि नावाआधी ‘कै.’ घातलं.

संकेतस्थळाला महिन्याला सरासरी सत्तेचाळीस भेटी होत. त्यांपैकी सोळा अध्यक्षांच्या (आपला फोटो सरळ दिसतो ना, हे पाहण्यासाठी). पाच भलतंच काहीतरी शोधणाऱ्यांच्या. उरलेल्या सव्वीस एकट्या खुर्चीकाकांच्या.

खुर्चीकाका वेताच्या खुर्च्या विणत. नजर गेल्यावरही विणत राहिले, कारण वेताला बोटं पुरतात. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, डोळ्यांनी अधू असलेल्या वाचकांसाठी त्रेसष्ट गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. काकू गेल्या. ज्या संगणकावर ध्वनिमुद्रण झालं, तो रीतसर निर्लेखित करून भंगारात गेला. गोष्टी उरल्या त्या फक्त संकेतस्थळावर. तिथून त्या उतरवून घ्याव्यात, असं बाईंनी दोनदा सुचवलं होतं. पण ते ‘संस्थेची मालमत्ता हलवणे’ ठरत असल्याने विषय उपसमितीकडे गेला. उपसमिती अजून नेमायची आहे.

काका रोज अकराला येत, कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसत, कानाला हेडफोन लावत आणि वेत विणायला घेत. “बाई, आज चष्म्याचं लावा.” तिसऱ्या गोष्टीत मध्येच काकू म्हणतात, “थांबा हं जरा, चष्मा पुसते.” मग सात सेकंद काहीच नाही, नुसता पदराचा आवाज. हा भाग कापायचा ठराव झाला नव्हता म्हणून तो राहिला होता. त्या सात सेकंदांत काका हातातलं काम थांबवत. ते पाहून बाईसुद्धा तेवढ्यापुरत्या शिक्के मारायच्या थांबत.

आणि एक दिवस कंपनीचं पत्र आलं. ‘हे खाते वापरात आहे का? असल्यास खातेधारकाने तीस दिवसांच्या आत “हो” दाबावे. अन्यथा सर्व मजकूर कायमचा काढून टाकण्यात येईल.’ खाली हिरवं बटण.

बाईंनी पत्र छापून आवक नोंदवहीत चढवलं आणि सभेपुढे ठेवलं. सभा बाराव्या दिवशी भरली.

“खातेधारक कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

संस्थेची घटना चाळली. तीत अध्यक्ष होते, कार्यवाह होते, खजिनदार होते, छत्री-स्टँडप्रमुखसुद्धा होते. खातेधारक नव्हता.

“मी दाबतो की, मला काय,” अध्यक्ष म्हणाले. “पण उद्या काही झालं तर?”

“माझ्याकडे पत्रव्यवहार,” कार्यवाह म्हणाले. “दाबणं हा काही पत्रव्यवहार नव्हे.”

“यात पैसे आहेत का? नाहीत ना? मग मला ओढू नका बुवा,” खजिनदार म्हणाले.

अखेर दीड तासाने ‘योग्य त्या व्यक्तीने “हो” दाबावे’ असा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. योग्य ती व्यक्ती पुढच्या सभेत, इतिवृत्त कायम झाल्यावर ठरवायची होती.

“साहेब, पुढची सभा चौतिसाव्या दिवशी आहे,” बाई म्हणाल्या. “मुदत तिसाव्या दिवशी संपते. काकूंच्या गोष्टी जातील हो सगळ्या.”

“बाई, घायकुतीला येऊन संस्था चालतात होय? कंपनीशी मी बोलतो.”

अध्यक्ष शब्दाला पक्के. त्यांनी खरंच फोन केला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं पलीकडून सोळा मिनिटं सांगण्यात आलं. आपल्याला मिळालेल्या मानाने समाधान पावून त्यांनी फोन ठेवला.

तिसाव्या दिवशी दुपारी बाई पडद्यासमोर बसल्या. पासवर्ड त्यांनीच फलकावर लावला होता, तोंडपाठ होता. हिरवं बटण समोर होतं. पूर्वी एकदा त्यांनी जिन्यातला गेलेला दिवा मंजुरीवाचून बदलला होता. त्याबद्दल ‘विनाठराव उजेड का केला?’ अशी कारणे दाखवा नोटीस निघाली होती आणि एक वेतनवाढ गेली होती. आता निवृत्तीला सात महिने उरले होते. बाईंचा हात माऊसवर गेला, परत आला. असं चारदा झालं. मग त्यांनी संगणक बंद केला, खिडक्या लावल्या आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला काका आले. हेडफोन लावून बसले.

“बाई, चष्म्याचं लावा.”

पडद्यावर पांढरं पान होतं. बाईंना खोटं बोलता आलं नाही. “काका, गेलं सगळं. काल मुदत होती. मला ठाऊक होतं हो.”

काकांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

“तुम्ही नियमाबाहेर काही करणार नाही, मला माहीत आहे,” ते म्हणाले आणि काठी शोधू लागले.

बाई मागच्या बांधणीच्या खोलीत जाऊन पोटभर रडल्या. (त्या वेळेची अर्ध्या दिवसाची रजा त्यांनी भरून दिली आहे.)

चौतिसाव्या दिवशी सभा भरली. मागचं इतिवृत्त कायम झालं, योग्य ती व्यक्ती म्हणून बाईंची नेमणूक झाली, आणि मग त्यांनी संकेतस्थळ राहिलं नसल्याचं निवेदन केलं. समितीला धक्का बसला. अध्यक्षांना तर पाणी द्यावं लागलं. सगळे मनापासून हळहळले आणि प्रत्येकाने बाईंना एकच विचारलं: “अहो, पण मग गुपचूप दाबून नाही का टाकायचं? कोण बघत होतं?”

हा प्रश्न इतिवृत्तात अकरा वेळा नोंदवला आहे. वाचता वाचता तो तुमच्याही मनात येऊन गेला असेल, आणि बाईंचा थोडा रागही आला असेल, तर कळवायला आनंद होतो की समितीत एक जागा वाढवण्यात आली आहे. अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड एकमताने झालेली आहे.