शरयूताई विद्यापीठ बघायला निघते

रूट कॅनाल चालू असताना शरयूताईने दाताच्या डॉक्टरला विचारलं होतं, "तुम्ही हेच का शिकलात? कोणी सांगितलं होतं?" तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरची चार बोटं असताना हा प्रश्न जर्मनमध्ये कसा विचारता येतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिने विचारला आणि डॉक्टरला तो समजला. त्याने हात थांबवला, मास्क खाली ओढला आणि सांगितलं, की वडिलांचा दवाखाना होता म्हणून. त्याला स्वतःला ट्रम्पेट वाजवायचं होतं. मग तो वडिलांबद्दल बरंच बोलला. तेवढ्यात दातात भरलेला मसाला कडक झाला. तो दात थोडा उंचच राहिला आणि शरयूताई त्या बाजूने चिक्की खात नाही. "पण माणूस मोकळा झाला," एवढंच ती म्हणते.

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते. एस-बानमध्ये तिकीट तपासायला आलेल्या माणसाला विचारला, तेव्हा तो आमच्यासमोर बसून पुढची तीन स्टेशनं बोलत होता आणि उतरताना आमचं तिकीट बघायचं विसरला. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या पूजेला बसलेल्या यजमानालाही तिने आरतीच्या आधी गाठलं होतं. तो मोटारींच्या सीटचा इंजिनिअर. त्याने जे उत्तर दिलं ते बायको शेजारी असताना द्यायला नको होतं.

शरयूताई एक्कावन्न वर्षांची. मूळची साताऱ्याची. पंचविशीच्या आत स्टुटगार्टला आली, इथेच युर्गेनशी लग्न केलं, आणि आता गेर्लिंगेनजवळच्या एका यंत्रांच्या कंपनीत कर्मचारी विभागात काम करते. मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. पहिल्या भेटीत मी तिला 'तुम्ही' म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "ऑफिसात दिवसभर सगळे मला फ्राऊ म्हणतात. घरी आल्यावर तरी ताई म्हण आणि तू म्हण." मी तसं केलं.

तिला एका जागी बसता येत नाही. गाडीत ती दारापाशी उभी राहते. घरात कॉफीचा कप एका खोलीत, बशी दुसऱ्या खोलीत आणि शरयूताई तिसरीकडे. आमच्या टेकडीवरून खाली शहरात उतरणाऱ्या त्या लांबलचक दगडी पायऱ्या लोक एकदा चढले की फोटो काढून घेतात. ही दिवसातून दोनदा चढते, आणि चढताना फोनवर बोलते. युर्गेनभावोजी अतिशय शांत माणूस. इतक्या वर्षांत ते मराठीतला एकच शब्द शिकले: 'बस'. खाली बैस या अर्थी आणि पुरे या अर्थी, दोन्हीकडे तोच चालतो म्हणून त्यांना तो सोयीचा वाटला. शरयूताईवर त्याचा दोन्ही अर्थांनी काही परिणाम होत नाही.

कंपनीत तिचं काम म्हणजे नव्या शिकाऊ मुलामुलींना ओळखपत्रं आणि लॉकर देणं, आणि शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्यांकडून ते परत घेणं. परत घेताना ती त्यांनाही विचारायची, का सोडतोस? कधी कधी अर्धा तास विचारत बसायची. त्यातली एक मुलगी सोडायची थांबली. ही गोष्ट शरयूताईच्या साहेबाच्या कानावर गेली. त्याने तिला बोलावून सांगितलं, की हे फार चांगलं आहे, पण हे समुपदेशन झालं, आणि त्यासाठी डिग्री लागते.

"ठीक आहे, घेते," शरयूताई म्हणाली.

साहेबाला वाटलं विषय संपला. तो तिथे सुरू झाला होता. महिनाभरात तिने जर्मनीभरातल्या विद्यार्थी-समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं मागवली. कॉलेजात आलेल्या मुलांना विषय निवडायला, टिकून राहायला, घरापासून लांब राहायला मदत कशी करायची, त्याचं शिक्षण. शरयूताई त्याला 'पोरं सांभाळायची मास्टर्स' म्हणायची. भावोजींनी सगळी माहितीपत्रकं फाइलमध्ये अकारविल्हे लावली. शरयूताई गॅलरीत फेऱ्या मारत एकेक वाचायची आणि वाचून झालं की भलत्याच जागी खोचायची.

"आल्झो, मुद्दा असा," एके दिवशी ती मला म्हणाली, "कागदावर सगळीच चांगली. प्रत्यक्ष जाऊन बघायला पाहिजे. तू चल माझ्याबरोबर."

मी जाऊ शकत होतो. मी इथे पीएचडीला आलो होतो आणि त्या वसंतात लॅबमध्ये जाणं जवळजवळ बंद केलं होतं. सकाळी आवरून निघायचो, संस्थेच्या फाटकापर्यंत जायचो आणि समोरच्या बेकरीत ब्रेत्सेल खात बसायचो. पुण्याला आईबाबांना सांगायचो, प्रयोग चालू आहेत. शरयूताईला काहीच सांगितलं नव्हतं. रिकामा दिसतोय म्हणून ती मला नेते, असं मी धरून चाललो होतो. डबा, छत्री आणि माहितीपत्रकं उचलायला कोणीतरी हवंच होतं.

तिचं बघणं मुलगी बघायला जाण्यासारखं होतं, फक्त इथे कांदेपोहे आम्हीच घेऊन जायचो. विद्यापीठ निवडायचा तिचा नियम साधा होता. जिथे विद्यार्थ्यांना सांभाळायला शिकवतात, तिथल्या विद्यार्थ्यांना आधी कोण सांभाळतं ते बघायचं. त्यामुळे ती प्राध्यापकांना भेटायच्या आधी मुलांच्या खानावळीत जायची, ताट घेऊन कोणाच्याही समोर उभी राहायची आणि सुरू करायची.

पहिलं विद्यापीठ उत्तरेकडे होतं. फार नावाजलेलं. तिथे विद्यार्थी-समुपदेशनाच्या खोलीच्या दारावर पाटी होती, की भेट फक्त मंगळवारी सकाळी, तीही ईमेलने वेळ ठरवून. आम्ही गेलो त्या दिवशी बुधवार. पाटीसमोर एक मुलगी उभी होती. पाटी वाचून झाल्यावरही ती तशीच उभी होती. शरयूताईने तिला डब्यातल्या तिखटमिठाच्या दोन पुऱ्या दिल्या, तिच्याशी बोलली, आणि मग प्राध्यापकांना न भेटताच मला म्हणाली, "चल. हे बाद."

"अगं, साडेपाच तास प्रवास करून आलोय आपण."

"गेनाऊ, तेच म्हणते मी. आणि बुधवारी रडू आलं तर?"

दुसरीकडे एका उत्साही प्राध्यापकांनी भिंतीवर मोठी आकृती दाखवली. प्रवेशापासून पदवीपर्यंतचा विद्यार्थ्याचा सगळा प्रवास त्यात बाणांनी काढला होता. बाण सगळे पुढे जाणारे. शरयूताई आकृतीच्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरली आणि विचारलं, "सोडून जाणारा कुठल्या बाणाने जातो?" प्राध्यापक प्रामाणिक होते. त्यांनी आकृतीकडे परत बघितलं आणि म्हणाले, की हा प्रश्न चांगला आहे. मग शरयूताईने त्यांना तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, आणि आमची परतीची गाडी चुकली.

तिसरीकडे तिला जिने आवडले नाहीत. चौथीकडे सगळंच आवडलं, म्हणून संशय आला. तोपर्यंत जून उजाडला. ऑफिसात अर्धवेळ काम मागायचं तर साहेबाला याच महिन्यात कळवायला हवं होतं. भावोजी पहिल्यांदाच थोडे काळजीत दिसले. "शरयू," ते म्हणाले, "एक निवड. कुठलंही." ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी मी असंच केलं असतं तर?" ते हसले.

शेवटचं उरलं ते एका लहानशा गावातलं. हेर्त्सोगेनआउराखच्या बाजूला, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या आणि मोहरीच्या शेतांमधून बसने जावं लागतं असं. तिथे अर्ज घेण्याआधी उमेदवाराशी तासभर बोलतात. त्याशिवाय अर्जच घेत नाहीत. विभाग चालवणाऱ्या बाई स्वतःच ते बोलणं करायच्या, आणि विद्यार्थ्यांचं समुपदेशनही त्याच करायच्या. शरयूताईला दुपारी दोनची वेळ मिळाली होती. त्या वर्षीच्या भेटींमधली ती शेवटची होती. तिने निळी सिल्कची साडी नेसली, खाली चालायचे बूट.

दोन वाजले, दार बंद. सव्वादोन झाले. जर्मनीत सव्वादोन म्हणजे अपमानच. मी शरयूताईकडे बघितलं; ही आता निघणार, हेही बाद. कार्यालयातला एक माणूस येऊन हळू आवाजात म्हणाला, "माफ करा. आत एक विद्यार्थी आहे. तो बोलायचा थांबेपर्यंत त्या उठणार नाहीत."

"नको, नको. उठवू नका," शरयूताई म्हणाली आणि भिंतीलगतच्या बाकावर टेकली.

आणि बसून राहिली. हात मांडीवर, पाय स्थिर. मी तिला इतकी वर्षं ओळखत होतो, पण तिची बसलेली उंची मला त्या दिवशी कळली. भावोजींना फोटो पाठवावा असं वाटलं. बराच वेळ गेला. बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "हेच. इथेच शिकायचं."

शेवटी दार उघडलं. एक उंच मुलगा नाक पुसत बाहेर आला आणि निघून गेला. मागून त्या बाई आल्या. साठीच्या, विस्कटलेले केस, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांनी माफी मागितली आणि म्हणाल्या, की चारला त्यांची गाडी आहे, उद्यापासून सुट्टी. पण तासभर नक्की आहे. या.

शरयूताई उठली. माहितीपत्रकांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"आधी याच्याशी बोला," ती जर्मनमध्ये म्हणाली. "हा मार्चपासून लॅबमध्ये गेलेला नाही. घरी कोणाला माहीत नाही. मी खिडकीतून बघते, हा रोज निघतो आणि रोज त्याच बेकरीची पिशवी घेऊन परत येतो."

"ताई, तुझी भेट आहे," मी मराठीत म्हणालो. "अर्ज जाणार नाही तुझा."

"माझं थांबेल. आत जा."

"मी इथला विद्यार्थीही नाही."

त्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांना समजलं असावं. त्या दार धरून म्हणाल्या, "ते आपण नंतर बघू. या, बसा."

आत मी काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. सुरुवातीला प्रयोगांबद्दल बोललो, मग मार्गदर्शकांबद्दल, मग बोललो नाही. त्या घाई करत नव्हत्या. घड्याळाकडे त्यांनी बघितलंच नाही. मीच बघत होतो. बाहेर शरयूताईचं वर्ष संपत होतं.

मी बाहेर आलो तेव्हा ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती. जगातल्या प्रत्येक माणसाला प्रश्न विचारणाऱ्या बाईने मला एकच विचारलं, "भूक लागलीय का?" बसथांब्यावर आम्ही उरलेल्या पुऱ्या लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ल्या. मी रडलो होतो ते दिसत असणार. तिने लोणचं पुढे केलं.

त्या वर्षी तिचा अर्ज गेला नाही. साहेबाने अर्धवेळ कामाचं विचारलं तेव्हा तिने पुढच्या वर्षी सांगते म्हटलं आणि वर्षभर लॉकर दिले-घेतले. मी सहा महिने सुट्टी घेतली, आईबाबांना खरं सांगितलं, आणि परत आलो तो दुसऱ्या मार्गदर्शकांकडे. पुढच्या जूनमध्ये त्याच बाईंनी शरयूताईला त्याच खोलीत भेट दिली आणि तिला प्रवेश मिळाला. आता ती एक शनिवार सोडून एक त्या गावी जाते, वर्गात सगळ्यांत मोठी, आणि भावोजी सांगतात की तिथेही ती मागे उभी राहूनच व्याख्यान ऐकते.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. गाडी रिकामी होती. शरयूताई माझ्यासमोर बसली होती. मी म्हणालो, "ताई, तू असं का केलंस?"

ती बाहेर बघू लागली. मग म्हणाली, "मीपण इथे पीएचडीलाच आले होते. रसायनशास्त्र. तुला कोणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. आमच्या ओळखीत याबद्दल कधी कोणी बोललंच नव्हतं.

"दीड वर्षाने सोडलं. कोणाशी भांडण नाही, काही नाही. जमेनासं झालं. लॅबची चावी परत द्यायला सेक्रेटरीबाईंकडे गेले. त्यांनी चावी घेतली, सही घेतली आणि म्हणाल्या, छान जाऊ दे तुमचा वीकेंड." शरयूताई थोडी हसली. "गुरुवार होता."



"बाहेर आले आणि जिन्यात थांबले," ती म्हणाली. "म्हटलं, कोणीतरी मागून येईल. का सोडतेस, एवढं तरी विचारील. खिडकी होती तिथे, मी खिडकीतून बघितल्यासारखं करत उभी राहिले. लोक जेवायला गेले, जेवून परत आले. सगळे नीट गुटेन टाग म्हणत होते."

"मग?"

"मग जिना झाडायला बाई आली. तिला जागा हवी होती. म्हणून उतरले."