नमुन्याबरहुकूम

ऑर्व्हिल स्टबलफील्ड यांनी आपल्या घराच्या भिंतीवर रंगाचा अखेरचा हात फिरवून शिडी खाली ठेवली, त्यास पुरता एक दिवसही लोटला नव्हता, तोच त्यांच्या दारावर वसाहतीतील घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस चिकटली. सदर नोटिशीचा आशय असा होता की, घराचा बाहेरील रंग मंजूर रंग नाही. सबब चौदा दिवसांच्या आत तो बदलावा, अन्यथा असोसिएशन स्वतःची माणसे लावून बदलून घेईल. खाली अध्यक्षा फिलिपा डंकलबर्गर यांची सही होती आणि सहीखाली दुहेरी रेघ होती.

ऑर्व्हिल यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

“लोरेटा,” त्यांनी पत्नीला हाक मारली, “दुसऱ्या कुणाची तरी नोटीस आपल्याकडे आलीय बघ.”

लोरेटा बाहेर आली. “नाव तुझंच आहे. आणि रंग म्हणशील तर, या अख्ख्या वसाहतीत असा दुसरा कुणाचा आहे का?”

नव्हता, हे खरे होते. परंतु तो तसा का नव्हता, याविषयी ऑर्व्हिल यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता.

येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. ओहायो प्रांतात अडतीस वर्षे शाळेच्या बसगाड्यांची इंजिने दुरुस्त करीत असता ऑर्व्हिल कायम भाड्याच्या घरात राहिले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावे लागे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी फ्लोरिडातील या अठ्ठेचाळीस घरांच्या वसाहतीत स्वतःचे घर घेतले. घराबरोबर असोसिएशनची चौऱ्याऐंशी पानांची नियमावली मिळाली. इतर मालकांनी ती फोनच्या जुन्या पुस्तकाखाली ठेवून दिली होती. ऑर्व्हिल यांनी ती पेन्सिलीने खुणा करीत दोनदा वाचली. मालक होणे म्हणजे नक्की काय, हे सांगणारे दुसरे पुस्तक त्यांना आजवर कोणी दिलेच नव्हते.

नियम बारा स्पष्ट होता. बाहेरील रंग विटल्यास तो पुन्हा देणे ही मालकाची जबाबदारी, आणि तो रंग कार्यालयातील नमुन्याप्रमाणेच असावा. ऑर्व्हिल यांनी कार्यालयात जाऊन नोंदवहीत सही केली आणि नमुन्याचे कार्ड नेले. मूळ रंगाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. तेव्हा रंगाच्या दुकानातील यंत्राखाली ते कार्ड धरले आणि यंत्राने हुबेहूब रंग कालवून दिला. कार्ड परत केल्यावर मग अकरा दिवस, रोज सकाळी, ऑर्व्हिल स्वतः शिडीवर चढले.

घर तयार झाले तेव्हा पहिले मत शेजारच्या बाल्तासार किन्योनेस यांनी कुंपणावरून दिले. हे गृहस्थ टँपा शहरात चाळीस वर्षे न्हाव्याचे दुकान चालवून निवृत्त झालेले.

“ऑर्व्हिल, दोस्ता, तुझं घर बघून भूक लागली रे! हॉट डॉगवर मोहरीची पिवळीधमक चटणी पिळतात ना, तस्सं दिसतंय.”

“हाच मंजूर रंग आहे, बाल्तासार. तुमची घरं उन्हानं विटलीत.”

“विटली? मी तीन वर्षांमागं रंग दिलाय!”

“कोणत्या नमुन्यावरून?”

“शेजारच्या भिंतीचा टवका काढून नेला.”

“आणि त्या शेजाऱ्यानं?”

किन्योनेस यांनी डोके खाजवले. “त्यानं माझ्या भिंतीचा नेला होता वाटतं.”

“बघ!” ऑर्व्हिल म्हणाले. त्या दिवशी आपल्या घराकडे पाहताना त्यांचा ऊर भरून आला होता. सत्तेचाळीस फिकट मलई रंगाच्या घरांत एकच घर अस्सल होते, आणि ते त्यांचे होते.

साहजिकच नोटीस हातात घेऊन ते तडक कार्यालयात गेले. डंकलबर्गर बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अध्यक्षपदाचे त्यांचे एकोणिसावे वर्ष चालू होते. त्यांच्या कारकिर्दीत वसाहतीतील एकही टपालपेटी तिरकी राहिली नव्हती.

“बाई, मी नमुन्याबरहुकूम रंग दिलाय.”

“स्टबलफील्ड, नमुना मलईचा आहे. मी स्वतः सांभाळलाय तो.”

“मग दाखवता का?”

बाईंनी कपाट उघडले. कार्ड बाहेर आले. अध्यक्षा झाल्या त्याच आठवड्यात, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून, त्यांनी ते आपल्या हाताने जाड प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले होते. आता दिव्याखाली ते मोहरीच्या चटणीच्या रंगाचे दिसत होते. बाईंनी ते एकामागून एक तीन खिडक्यांपाशी नेले. तेथेही मोहरीच.

“उजेड बरोबर नाहीये इथला,” बाई म्हणाल्या.

“ही तिसरी खिडकी झाली, बाई.”

“सुनावणी होईल,” असे बोलून बाईंनी कपाट बंद केले.

ऑर्व्हिल घरी आले आणि नियमावली उघडून बसले. नियम एकतीसवर त्यांचे बोट थांबले. कोठेही नियमभंग दिसल्यास तो लेखी कळविणे हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य होते.

“लोरेटा, नमुना जर खरा असेल, तर बाकीची सत्तेचाळीस घरं चुकलीत.”

“असू देत की!”

“असू देत कसं? मी मालक आहे इथला.”

“अरे, लोक आपल्याला नाताळचा केकसुद्धा देणार नाहीत!”

त्यांनी सत्तेचाळीस तक्रारी लिहिल्या. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक घराची स्वतंत्र. तक्रार आली की नोटीस काढणे असोसिएशनला भागच होते. दोन दिवसांत सत्तेचाळीस दारांवर नोटिसा लागल्या. पैकी एक डंकलबर्गर बाईंनी स्वतःच्याच दारावर, स्वतःच्या सहीने, सरळ रेषेत चिकटवली.

वार्षिक सभेला ज्या वसाहतीत कधी नऊपेक्षा अधिक माणसे जमली नव्हती, तेथे सुनावणीच्या गुरुवारी सकाळी क्लबहाउसमध्ये पंचेचाळीस घरांचे मालक आले. खुर्च्या पुरल्या नाहीत. लोकांनी समुद्रावरच्या घडीच्या खुर्च्या आणल्या. ऑर्व्हिल पुढच्या रांगेत कोट घालून बसले होते. आज हरलो तर अकरा दिवसांची मेहनत मलईखाली गाडली जाणार, आणि तीही परक्या माणसांच्या हातून, एवढेच त्यांच्या डोक्यात घोळत होते. लोरेटाने त्यांचा हात धरला.

“यानं आम्हाला नोटिसा लावल्या!” मागून कोणीतरी ओरडले.

“नियमानं लावल्या,” ऑर्व्हिल मागे न वळता म्हणाले.

तेवढ्यात कार्ड हातोहात फिरत किन्योनेस यांच्याकडे आले आणि ते ताडकन उठले. “अरे, हे प्लास्टिक पिवळं पडलंय! माझ्या दुकानातल्या परवान्याचं असंच झालं होतं. माझा फोटो कावीळ झाल्यासारखा दिसायचा. सोला हे, खाली मलई निघेल!”

ऑर्व्हिल यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. डंकलबर्गर बाईंनी मान ताठ केली. “सोला,” त्या म्हणाल्या. “माझी हरकत नाही.”

काम अर्थातच न्हाव्याकडे आले. किन्योनेस यांनी वस्तरा काढला, श्वास रोखला आणि एका कोपऱ्यातून प्लास्टिक अलगद उचलले. प्लास्टिक निघाले. त्याच्याबरोबर रंगही निघाला. जो निघाला तो डिंकात मुरून चुरा झालेला पिवळा भुगा होता, आणि खाली राहिला तो कोरा पांढरा पुठ्ठा.

“मारलास तू नमुना, बाल्तासार!” गर्दीतून कोणीतरी ओरडले.

“मी नुसती दाढी केली!”

गलका शांत झाला तेव्हा चिटणीस लायल हेन्सली यांनी नियमावलीची पाने उलटली. हे गृहस्थ पूर्वी न्यायालयात कारकून होते आणि कोणतेही वाक्य एकाच सुरात वाचत. “नियम बारा, पोटकलम चार. नमुना गहाळ अथवा नष्ट झाल्यास, त्यावरून अखेरचे रंगविलेले घर हाच नमुना समजावा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “कार्डावरून घर कुणी कुणी रंगवलंय? हात वर करा.”

प्रत्येक मालकाने शेजाऱ्याकडे पाहिले. एकच हात वर गेला. एकोणीस वर्षांच्या नोंदवहीत सहीदेखील एकच निघाली.

नियम बदलायचा तर छत्तीस मते हवी होती. पंचेचाळीस जण हजर असल्याने ते सोपे वाटले. परंतु मलई म्हणजे कोणती, येथे गाडी अडली. काही म्हणाले मोतिया, काही म्हणाले हस्तिदंती, काहींना लोण्याचा हवा होता. तीनदा मतदान झाले आणि कोणत्याही रंगास सतरापेक्षा अधिक मते पडली नाहीत. सबब नियम होता तसाच राहिला. घरे रंगविण्यास सर्वांना एक वर्षाची मुदत मिळाली.

डंकलबर्गर बाई उठल्या. त्यांचा आवाज किंचितही ढळला नाही. “स्टबलफील्ड, तुमची नोटीस मागे घेतली आहे. अभिनंदन. पहिलं घर माझं रंगेल, पुढच्याच आठवड्यात.” आणि त्यांनी हात पुढे केला. ऑर्व्हिल यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्या क्षणी त्या दोघांइतकी अभिमानाने ताठ उभी राहिलेली माणसे त्या सभागृहात तिसरी नव्हती.

सोमवारी सकाळी हेन्सली एक पत्र घेऊन आले. त्यात लिहिले होते की, स्टबलफील्ड यांचे घर हाच नमुना ठरल्याने ते आता असोसिएशनचे अधिकृत दप्तर झाले आहे. त्याच्या बाहेरील भिंतीत खिळा ठोकू नये, वेल चढवू नये, परवानगीविना पाणी मारू नये; आणि कोणत्याही मालकास सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार, त्याची पाहणी करू द्यावी.

लोरेटाने पत्र वाचले आणि डोक्याला हात लावला. ऑर्व्हिल यांनी मात्र पत्र वाचून दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दाराशी खुर्ची टाकली. दहाच्या ठोक्याला डंकलबर्गर बाई कोरे कार्ड व पेन्सिल घेऊन हजर झाल्या. मागे रांग होती.

“हात नको, बाई,” ऑर्व्हिल सौम्यपणे म्हणाले. “लांबून बघा.”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या आणि दोन पावले मागे सरल्या.

दुपारी लोरेटा छत्री, टॉवेल आणि सँडविचची पेटी घेऊन बाहेर आली. “चल, समुद्रावर जाऊ. ऊन किती छान पडलंय.”

“अजून दोघं यायचेत.”

“घर कुठं पळून जाणारेय का? कुलूप लाव नि चल.”

“दप्तर असं सोडून जाता येत नाही.”

लोरेटाने पेटी खाली ठेवली. “ऑर्व्हिल, मला एक सांग. हे घर आपलंच आहे ना?”

ऑर्व्हिल यांनी उन्हात झळकणाऱ्या भिंतीकडे पाहिले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

“म्हणजे काय! आपलंच,” ते छाती पुढे काढून म्हणाले. “चारनंतर.”