काट्यावर उभं कोण?

"हो काटो चुकता," सगुण म्हणाला.

ऑपरेशनच्या टेबलावर हिरव्या झग्यात उताणा पडलेला माणूस काय काय बोलतो, हे भूल देणाऱ्या डॉक्टर रूपालीला पाठ होतं. कोणी देवाचं नाव घेतं, कोणी मुलांना बोलवा म्हणतं. हा गृहस्थ मशीनला नावं ठेवत होता.

"कुठला काटा, सगुणबाब?"

"हो तुमचो, प्रेशराचो." सगुणने हनुवटीनेच दंडावरचा पट्टा दाखवला. "एकशे शहाऐंशी? काल वॉर्डात एकशे तीस होता. एका रातीत छप्पन वाढाक मी काय ट्रक?"

असं विचारायचा अधिकार त्याला होता, बरं का. डिचोलीतल्या खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत त्याने एकतीस वर्षं काढली होती. सकाळी खात्रीची वजनं ठेवून काटा तपासायचा, मग आधी रिकामा ट्रक, नंतर भरलेला. वजन वाढवायला एखादा क्लीनर हळूच काट्यावर पाय टेकून उभा राहिलाच, तर खिडकीतून गर्जना व्हायची, "काट्यार दुसरो कोण उभो आसा रे?" आणि क्लीनर उडी मारून पळायचा.

आजचं काम हर्नियाचं. यापूर्वी दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा प्रेशरने घात केला. वॉर्डात आकडा शहाण्यासारखा, आणि इथे आत आणलं की आभाळाला भिडलेला. लाटंबार्से गावातल्या घरचा चवथीचा गणपती मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतून डोक्यावरून आणायचा तो सगुणनेच, ही तीस वर्षांची रीत. गेल्या वर्षी दुखण्यामुळे मूर्ती धाकट्या भावाने, अनंताने आणली. अनंत वाटेत तीनदा थांबला आणि एकदा तर डोक्यावर गणपती असताना मोबाइलवर बोलला! सगुण मागून रिकाम्या हातांनी चालत होता. त्या दिवशी तो नीट जेवलासुद्धा नाही. आता मे महिना चालू होता. आज हुकलं की पुढची तारीख जुलैची, डॉक्टर तीन महिने वजन उचलू देणार नाहीत, म्हणजे यंदाही अनंतच.

"एकशे ऐंशीच्या वर असेल तर मी पाठीत भुलेची सुई देत नाही," रूपाली म्हणाली. "पण तुमची शंका रास्त आहे. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच चढतो. स्नेहा, मोठा पट्टा लाव. आणि हात छातीच्या पातळीला ठेव. वर उचलला तर आकडा उतरतो, खाली लोंबला तर चढतो."

नर्स स्नेहाने मोठा पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, पट्टा आवळला, हवा हळूहळू सुटायला लागली. दंडातली शीर थडथडते ती थरथर मशीन टिपतं आणि त्यातून आकडा काढतं. एकशे ब्याऐंशी.

"परत मोजा," सगुण म्हणाला. आणि पट्टा आवळला जाताच त्याच्या डोक्याला अचानक भयंकर खाज सुटली. पट्ट्याचाच हात गेला वर. आकडा आला एकशे चौसष्ट.

"बघलात? मी काय सांगत होतंय!"

"सगुणबाब, हात खाली." रूपालीला हसू आवरेना. "क्लीनरची सगळी गोष्ट मला मघाशी तुम्हीच सांगितलीत."

एकतीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. हात खाली आला आणि आकडा एकशे चौऱ्याऐंशीवर गेला. मग मशीनची परीक्षा म्हणून स्नेहाने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे बारा. मशीन निर्दोष सुटलं.

"मगे काट्यार दुसरा कोणतरी उभा आसा," सगुण ठामपणे म्हणाला.

"कोण?"

"आमची कमलाक्षी. ऐकाक येता मा? सकाळपासून तोंड चालू आसा."

खरंच, दाराबाहेरून त्याच्या बायकोचा आवाज येत होता. हा माणूस पथ्य कसं पाळत नाही, हे ती कोणा अनोळखी बाईला तपशीलवार सांगत होती.

"तिका खाली धाडा. आकडो कसो उतारता तो बघा."

स्नेहाने तिला कँटीनमध्ये चहा-पाव खायला पाठवलं. बाहेर सामसूम झाली. सगुणने समाधानाने डोळे मिटले. मशीन घुरघुरलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

रूपालीने क्षणभर विचार केला आणि ती म्हणाली, "स्नेहा, जा, त्यांना झगा-टोपी घालून आतच घेऊन ये."

कमलाक्षी आली ती टोपी भुवयांपर्यंत ओढून. "काय केलात आता? मशीन मोडलात?" असं म्हणतच तिने त्याची बोटं धरली. "अगे बाये, हात बर्फ झालो हो तुमचो. भियालात?"

"मी? कित्याक भियात?"

एकशे सत्तर. पाच मिनिटांनी एकशे चोपन्न. मग एकशे बेचाळीस.

"बोला सगुणबाब," रूपाली शांतपणे म्हणाली. "यातले जाणकार तुम्ही. काटा चुकत असेल तर मी सुई देत नाही, जुलैची तारीख घ्या. बरोबर असेल, तर हा आकडा कोणामुळे उतरला तेही बरोबर."

सगुणने आढ्याकडे पाहिलं. तिथे त्याला अनंत दिसला, डोक्यावर गणपती, कानाला मोबाइल.

"काटो... बरोबर आसा."

"मोठ्यान सांगा, माका ऐकाक येणा नाय," कमलाक्षी म्हणाली.

"बरोबर आसा म्हटलंय मा!"

आकडा चारने चढला, पण चालण्यासारखा होता. सुई टोचेपर्यंत कमलाक्षी हात धरून उभी राहिली. मग गुंगीच्या औषधाने सगुणचे डोळे जड झाले आणि तिला बाहेर पाठवलं. तासाभरात ऑपरेशन नीट पार पडलं.

सगुणला वॉर्डात आणलं, तेव्हा त्याचे पाय अजून बधिरच होते. कमलाक्षी खाटेजवळ स्टुलावर बसली होती. चेहरा घामाने डबडबलेला, तोंडाला कुलूप. स्नेहाला ते काही ठीक वाटेना. तिने पट्टा कमलाक्षीच्या दंडाला गुंडाळला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"हो काटो चुकता," कमलाक्षी म्हणाली.

सगुण आकड्याकडे बघत राहिला. आपल्या गाडीतला माल उतरला तो कुठे भरला गेला, हे त्याला आता कोणी समजावून सांगायला नको होतं. त्याने चादरीतून हात बाहेर काढला आणि तिची बोटं धरली. ती थंडगार होती.

"स्नेहाबाय, परत मोज गो," तो म्हणाला. "ह्या फेरीक काट्यार मी उभो आसंय."

स्नेहाने बटण दाबलं.